हिरवट पर्णवटवट्या: आधी कान, मग दुर्बीण

हिवाळ्यातली सकाळ. वारा पडलेला, तरी झाडाच्या शेंड्याजवळची दोन-चार पानं हलताहेत. दुर्बीण लावावी तर तिथे नुसती पानंच. मग शेजारच्या डहाळीवरून काहीतरी सरकतं, ते हिरवं की करडं हे कळायच्या आत पलीकडे जातं, आणि वहीत आणखी एक ओळ वाढते: "छोटा, हिरवट, ओळखला नाही."

माझ्या पहिल्या हिवाळ्याच्या वहीत अशा ओळींची रांग लागली आहे. त्याहून लाजिरवाणी गोष्ट म्हणजे, एकाच झाडावर एकाच आठवड्यात मी तीन निरनिराळ्या जातींची नावं ठामपणे लिहून ठेवली होती. सकाळी पोट पिवळं दिसलं म्हणून एक नाव, दुपारी पांढरं दिसलं म्हणून दुसरं, ढगाळ संध्याकाळी पाठ तपकिरी वाटली म्हणून तिसरं. पक्षी बहुधा एकच होता. बदलत होता तो उजेड.

तो पक्षी ग्रीनिश वॉर्बलर, मराठीत हिरवट पर्णवटवट्या. शास्त्रीय नाव फायलोस्कोपस ट्रोकिलॉइडिस. फायलोस्कोपसचा ग्रीक अर्थ पानं धुंडाळणारा, आणि याहून नेमकं नाव सुचणं कठीण. या कुळीत जगभरात सुमारे ८० जाती आहेत आणि बहुतेक एकाच ताग्यातून कापल्यासारख्या: पाठ हिरवट-करडी, पोट फिकं, डोळ्यावर भुवईसारखी पट्टी. त्यातून मराठीने घोळ आणखी वाढवून ठेवला आहे. गवतात शेपटी उडवणारे बारमाही प्रिनियाही वटवट्याच, बोरूच्या बेटातले पाहुणेही वटवट्याच. म्हणून या लेखात मी बर्डर मंडळींच्या, म्हणजे पक्षीनिरीक्षकांच्या, तोंडी असलेली इंग्रजी नावंच जास्त वापरणार आहे.

नवख्याने सगळ्या जाती पाठ करायला बसू नये. एक पक्की करायची आणि बाकीच्या तिच्याशी ताडून बघायच्या. द्वीपकल्पीय भारतात हिवाळ्यात ती एक म्हणजे ग्रीनिश, कारण झाडीत सर्वांत जास्त गाठ पडते ती हिच्याशीच.

पायरी १: तारीख बघा

हे काम घरबसल्या होतं आणि निम्मा गोंधळ इथेच मिटतो. ग्रीनिश वॉर्बलर पूर्व युरोपापासून सायबेरियापर्यंत आणि हिमालयातल्या उंच जंगलांत वीण करतो. दख्खनमध्ये, सह्याद्रीत तो साधारण सप्टेंबरमध्ये उतरतो आणि एप्रिलमध्ये निघून जातो. सुरुवातीचे काही ऑगस्टअखेरीस येतात, मागे राहिलेले काही मेच्या तोंडाशी दिसतात. जूनमध्ये आंब्याच्या झाडावर तुम्हाला बारीक हिरवट पक्षी दिसला, तर तो बहुतेक शिंपी, चष्मेवाला किंवा शिंजिराची मादी असते.

पायरी २: झाडाच्या कुठल्या मजल्यावर आहे?

ग्रीनिश हा झाडांचा पक्षी. चिंच, आंबा, वड, शिरीष, रस्त्याकडेची जुनी झाडं, बागा, जंगल, कुठेही असतो, पण पानोळ्यात, मध्यापासून शेंड्यापर्यंत. जमिनीलगतच्या करवंदीच्या जाळीत, घाणेरीत, बांधाच्या झुडपात खालच्या खाली सरपटणारा तपकिरी पक्षी असेल तर संशय आधी ब्लाइथ्स रीड वॉर्बलरवर घ्यावा. तोही हिवाळी पाहुणा, तोही भरपूर. पण त्याची चोच लांब, कपाळ उतरतं, रंग मातकट, भुवई आखूड आणि पंखावर पट्टी नाही. बोलतो तेव्हा दोन गारगोट्या एकमेकींवर आपटाव्यात तसं कोरडं "चक्… चक्".

हा नियम मोडतो कधी? पाण्याच्या कडेला आणि फुललेल्या झुडपांवर. तिथे ग्रीनिशही खाली उतरतो. तेव्हा मजला हा पुरावा धरा, निकाल नव्हे.

पायरी ३: अजून दुर्बीण उचलू नका, ऐका

सगळ्या लेखातलं एवढंच लक्षात राहिलं तरी माझं काम झालं.

ग्रीनिशची हाक दोन अक्षरी असते. मला ती "च्विस्-ली" ऐकू येते. काहींना "ची-स्वी" वाटते, काहींना "टिस्-लिट". आवाज धारदार, चटपटीत, पक्ष्याच्या आकाराच्या मानाने बराच मोठा. पाण्याकाठचा पांढरा धोबी उडताना जी हाक देतो, तिच्याशी हिचं नातं लागतं. धोब्याची हाक ओळखीची असेल तर तीच कुणीतरी घाईत, झाडाच्या शेंड्यावरून देतंय अशी कल्पना करा. फरक असा की धोबी बोलत बोलत उडून जातो आणि हा त्याच झाडावर दिवसभर बोलत राहतो.

त्यालाही कारण आहे. हा पक्षी हिवाळ्यातही आपला इलाखा राखतो. वीण नाही, घरटं नाही, तरी "हे झाड माझं" असं शेजाऱ्याला बजावत असतो. तुमच्या सोयीची गोष्ट अशी की आज ज्या चिंचेवर हाक ऐकली, त्याच चिंचेवर उद्याही ऐकू येण्याची शक्यता दांडगी. शिकायला याहून चांगला मास्तर मिळणार नाही. एक झाड निवडा आणि आठवडाभर रोज पंधरा मिनिटं त्याच्याखाली उभे राहा. दहा नव्या ठिकाणी हिंडून जे येत नाही ते या पंधरा मिनिटांत येतं.

सराव असा करा. हाक ऐकली की ती आपल्या अक्षरांत लिहा. पुस्तकातली अक्षरं नकोत. शेजारी बाण काढा: दुसरा स्वर वर गेला, खाली आला की सपाट राहिला? मग दोन हाकांमध्ये किती वेळ गेला तो मोजा. घरी आल्यावर झेनो-कँटोवरची ध्वनिमुद्रणं ऐका. हे संकेतस्थळ २००५ पासून चालू आहे आणि तिथे एकेका जातीच्या ढिगाने फिती आहेत. एकच फीत ऐकून थांबू नका, निदान पाच-सहा वेगवेगळ्या ऐका. एकाच पक्ष्याच्या हाकेत किती चढउतार असतो हे त्याशिवाय कळत नाही.

कानावर इतका भर का, असं वाटेल. १७६८ साली इंग्लंडमधल्या गिल्बर्ट व्हाइट या पाद्र्याने तोवर एकच मानल्या जाणाऱ्या या कुळीतल्या पक्ष्यांमध्ये प्रत्यक्षात तीन जाती आहेत असं दाखवून दिलं. त्याला सुगावा लागला तो आवाजावरून, तिघांची गाणी कायम वेगळी असायची त्यावरून. पक्षी बघायला आजच्यासारख्या दुर्बिणी नव्हत्या अशा काळात लागलेला हा शोध आजही वॉर्बलर शिकणाऱ्याला धीर देतो.

खुद्द ग्रीनिशची गोष्ट तर त्याहून मजेदार. तिबेटच्या पठाराला वळसा घालून या पक्ष्याची वस्ती पसरलेली आहे. पश्चिमेच्या अंगाने गेलेली साखळी आणि पूर्वेच्या अंगाने गेलेली साखळी मध्य सायबेरियात पुन्हा समोरासमोर येतात. दक्षिणेकडे एका रूपातून दुसऱ्या रूपात बदल हळूहळू होत जातो, पण सायबेरियात ही दोन टोकं भेटतात तेव्हा एकमेकांत मिसळत नाहीत. २००१ मध्ये जीवशास्त्रज्ञ डॅरेन अर्विन आणि सहकाऱ्यांनी हे प्रसिद्ध केलं. दोन्हींची गाणी इतकी वेगळी झाली आहेत की एका बाजूच्या नरांना दुसऱ्या बाजूचं गाणं ऐकवलं तर ते दखलही घेत नाहीत. दिसायला मात्र पूर्वेकडच्याच्या पंखावर दोन ठळक पट्ट्या, पश्चिमेकडच्याच्या एक, एवढाच काय तो डोळ्यात भरणारा फरक. आपल्याकडे द्वीपकल्पात येतो तो मुख्यतः पश्चिमेकडचा, एका पट्टीचा. म्हणजे हे पक्षी आपलं माणूस आवाजावरून ओळखतात, आणि आपण खाली उभे राहून त्यांच्या पंखावरच्या रेघा मोजत बसतो.

पायरी ४: आता दुर्बीण

दहाच्या ऐवजी आठ पटीची दुर्बीण घ्या. या पक्ष्यासाठी मोठं दिसण्यापेक्षा रुंद दिसणं महत्त्वाचं, कारण तो एका जागी टिकत नाही. सूर्य पाठीमागे ठेवा. शक्य असेल तर उताराच्या वरच्या अंगाला उभे राहा, म्हणजे खालच्या झाडांचे शेंडे डोळ्यांच्या पातळीत येतात. झाडाखालून वर बघत राहिलात तर पक्ष्याचं पोट आणि स्वतःची मानदुखी, याशिवाय हाती काही लागत नाही.

पक्ष्याची लांबी १०-११ सेंटिमीटर, वजन सात-आठ ग्रॅम. चिमणीपेक्षा स्पष्ट लहान, शिंजिराच्या मापाचा. बघायच्या गोष्टी चार, आणि क्रम हाच ठेवा, कारण पक्षी कधी गायब होईल याचा भरवसा नाही.

भुवई. लांब, फिकट पिवळसर-पांढरी, चोचीच्या मुळापासून डोळ्याच्या बरीच मागे जाते. तिच्याखाली डोळ्यातून जाणारी गडद रेघ. या दोन्हींमुळे चेहरा जरा रागीट दिसतो.

पंखावरची पट्टी. घडी घातलेल्या पंखावर एकच बारीक, पांढुरकी आडवी रेघ. बर्डर तिला विंगबार म्हणतात. नवखे फसतात ते नेमके इथेच. पिसं झिजली की ही रेघ पुसट होते, कधी जवळपास नाहीशीच होते. नवी पिसं आली की ती उठून दिसते आणि तिच्या वर दुसऱ्या पट्टीची पुसट खूणही कधीकधी उमटते. हा पक्षी हिवाळी मुक्कामातच पिसं बदलतो, त्यामुळे एकाच हंगामात एकाच झाडावर विटका आणि कोरा असे दोन्ही अवतार बघायला मिळतात. म्हणून पट्टी दिसली तर आनंद, नाही दिसली म्हणून ग्रीनिश नाही असा निकाल देऊ नका.

चोच. वरची बाजू गडद, खालची फिकट, नारिंगी-पिवळसर. खालून बघताना ही खूण उलट सोपी पडते, तेवढाच मानदुखीचा मोबदला.

डोकं आणि पाठ. डोक्याच्या मधोमध फिकट पट्टा नसतो. पंखाच्या आतल्या, पाठीलगतच्या पिसांना फिकट किनार नसते. पाय गडद तपकिरी.

पोटाच्या रंगाचं मी नाव घेतलं नाही, ते मुद्दाम. ते पांढुरकं असतं, त्यावर कधी पिवळसर झाक. पण पानांतून गाळून आलेला उजेड पांढऱ्या पोटाला हिरवा-पिवळा रंग चढवतो. माझी तीन जातींची चूक पोटानेच घडवली होती.

पायरी ५: चाल बघा

ग्रीनिश स्वस्थ बसत नाही. पंख अर्धवट उघडून झटकतो, पानाखालची अळी टिपायला क्षणभर हवेत फडफडतो, पुन्हा पुढच्या डहाळीवर. शिंप्यासारखी शेपटी उभी धरत नाही. चष्मेवाल्यांसारखा सोबत्यांच्या घोळक्याने फिरत नाही, बहुतेक एकटाच असतो. मात्र निरनिराळ्या पक्ष्यांची मिश्र टोळी झाडावरून जाऊ लागली की हाही तीत सामील होतो. तेव्हा गोंधळ सर्वांत जास्त असतो, म्हणून शिकण्याच्या दिवसांत टोळी जाऊ द्या आणि मागे राहिलेल्या एकट्याकडे बघा.

पायरी ६: हा नाही, तो नाही

इथवर सगळं जुळलं तरी "दुसरं कोण असू शकेल?" हा प्रश्न विचारायचाच.

ह्यूम्स लीफ वॉर्बलर आणखी बारका, गोलसर. पंखावर दोन पट्ट्या, आतल्या पिसांना फिकट किनार, चोच आणि पाय गडद. अंगावर नक्षी जास्त आहे असं वाटलं की त्याचा विचार करा.

चिफचॅफची चोच आणि पाय काळे, अंग तपकिरीकडे झुकणारं, पंखावर पट्टी नाही. खुडबुड करताना शेपटी सारखी खाली झुकवतो. हाक एकच, जराशी केविलवाणी "हीईट". पाण्याजवळच्या झुडपांत शोधा.

सल्फर-बेलीड वॉर्बलर मला सर्वांत आवडतो, कारण तो ओळखायला फारसे कष्ट पडत नाहीत. पाठ करडी-तपकिरी, पोट मळकट पिवळं, भुवईचा पुढचा भाग चक्क हळदीचा. पट्टी नाही. आणि हा पानांत कमी, खडकांवर, बुंध्यांवर, पडक्या दगडी भिंतींवर जास्त. उंदरासारखा सरकत जातो. हाक हलकी, "क्विप्". एकदा पाहिला की विसरत नाही.

वेस्टर्न क्राउन्ड वॉर्बलर सह्याद्रीच्या जंगलात, उंच झाडांवर. ग्रीनिशपेक्षा मोठा, चोच दणकट, आणि डोक्याच्या मधोमध फिकट पट्टा. तो पट्टा दिसावा म्हणून वाट बघावी लागते, पण दिसला की खटला निकाली.

टिटलर्स लीफ वॉर्बलरही सह्याद्रीतच हिवाळा काढतो. चोच लांब, सडपातळ, गडद, आणि पट्टी नाही. विरळा पक्षी. पहिल्या दोन हिवाळ्यांत तुमच्या वहीत तो वारंवार येत असेल तर चूक वहीची आहे.

लार्ज-बिल्ड लीफ वॉर्बलर नजरेने वेगळा काढणं जाणकारांनाही जड जातं: जरा मोठा, जरा काळपट, चोच भक्कम. पण तोंड उघडलं की संशय संपतो. दोन सुरांची स्वच्छ शीळ, दुसरा सूर वरचा, अगदी माणसाने कुणालातरी बोलावण्यासाठी घालावी तशी.

आणि राहिला ग्रीन वॉर्बलर. हा पूर्वी ग्रीनिशचीच उपजात धरला जायचा. कॉकेशस, उत्तर तुर्कस्तान, उत्तर इराण या भागात वीण करतो आणि हिवाळ्यात मुख्यतः सह्याद्री व श्रीलंकेत येतो. ताज्या पिसांत तो हिरवाजर्द, भुवई आणि गळा लिंबासारखा पिवळा. हाक पुष्कळदा तीन अक्षरी भासते. पण पिसं विटली की दोघांतला फरक धूसर होतो, आणि हाकही काही वेळा मधल्यामध्ये कुठेतरी पडते. अशा वेळी "ग्रीन किंवा ग्रीनिश" असं लिहून पुढे चालू लागावं. मी तसंच लिहितो, आणि त्याची लाज वाटायची केव्हाच थांबली आहे.

पायरी ७: पुस्तक उघडण्याआधी लिहा

पुस्तक आधी उघडलं की डोळे चित्रातलं बघू लागतात आणि झाडावरचं विसरतात. म्हणून आधी लिहायचं: वेळ, झाड, उंची, हाक, भुवई, पट्टी, चोच, काय करत होता. न दिसलेल्या गोष्टीपुढे "दिसलं नाही" असं लिहा. "नाही" आणि "दिसलं नाही" यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पायांचा रंग दिसला नाही हे प्रामाणिकपणे लिहिलेली नोंद सहा महिन्यांनीही कामाची ठरते.

छायाचित्राबद्दल थोडं. कॅमेऱ्यात उजेड जास्त झाला की विंगबार पांढऱ्यात विरघळून जातो. आकाश मागे असेल तर पक्षी काळा पडतो आणि मग संगणकावर उजळवताना भलतेच रंग उगवतात. एका सुंदर चित्रापेक्षा पाच साधी चित्रं, वेगवेगळ्या कोनांतून, जास्त उपयोगी. पक्षी बोलत असेल तर कॅमेरा सोडा आणि मोबाइलवर आवाज टिपा. मिनिटभराची खरखरीत फीतसुद्धा डझनभर चित्रांना भारी पडते.

मर्लिनसारखं ॲप आवाज ऐकून नाव सुचवतं. सुचवू द्या, पण त्याच क्षणी चोच उघडताना पक्षी दिसला असेल तरच ते नाव वहीत जाऊ द्या. ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर नोंद करताना जात पक्की नसेल तर नुसती कुळी नोंदवायची सोय आहे, ती वापरा. चुकीच्या नावापेक्षा अर्धवट खरी नोंद पुढच्या माणसाला बरी.

एक गोष्ट करू नका

हाकेची फीत वाजवून पक्ष्याला समोर बोलावणं. तो येतो, अगदी हमखास येतो, कारण त्याला वाटतं इलाख्यात कुणी घुसखोर शिरलाय. सात-आठ ग्रॅमचा जीव, पुढे परतीचा हजारो किलोमीटरचा प्रवास, आणि तुम्ही त्याला न आलेल्या शत्रूशी भांडायला लावता. शिवाय चिडलेला पक्षी नेहमीसारखा वागत नाही, त्यामुळे पाचवी पायरीही वाया जाते.

मार्च-एप्रिलची तयारी

थंडी ओसरली की आपल्या ठरलेल्या झाडाखाली पुन्हा उभे राहा. "च्विस्-ली"च्या मध्ये आता कधीतरी घाईघाईचं, किणकिणतं, दोन-तीन सेकंदांचं गाणं ऐकू येईल. त्याच सुमारास नव्या पिसांवरची पट्टी सर्वांत स्पष्ट असते, त्यामुळे अख्ख्या हिवाळ्यात जे नीट दिसलं नाही ते याच पंधरा-वीस दिवसांत बघून घ्या. मग एका सकाळी झाड गप्प असेल. त्याच्या आदल्या नोंदीची तारीख अधोरेखित करून ठेवा, आणि ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यापासून पुन्हा कान लावा.